साठीनंतर सातारा हिल हाफ मॅरेथॉन : तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वय ६३, मुक्काम कराड. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. चालण्याची आणि सदाशिवगड चढण्याची सवय जुनीच, निवृत्तीनंतर धावायलाही लागलो. गेल्या हिवाळ्यात सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर न थांबता, हसतखेळत झाले. तेव्हापासून सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने डोक्यात घर केलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : २०१२ पासून ही स्पर्धा होते. अंतर २१.१ किलोमीटर. सातारा शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. म्हणजे पहिला निम्मा भाग बहुतेक चढ, दुसरा निम्मा बहुतेक उतार. त्यात सप्टेंबर, म्हणजे पाऊस आणि धुकं गृहीत धरायचं.

अडचण अशी की तयारीची जी वेळापत्रकं मिळतात ती सगळी तिशी-चाळिशीतल्यांची. आठवड्यातून पाच दिवस धावा, अमुक दिवशी वेगाने धावा, रविवारी लाँग रन. मी लागोपाठ दोन दिवस धावलो की तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात. बीपीची एक गोळी चालू आहे, साखर काठावर आहे. बाकी तब्येत ठणठणीत. हातात सहा-सात महिने आहेत. साठी ओलांडून हा घाट ज्यांनी धावून पाहिलाय त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती. वेळेची अजिबात घाई नाही. नीट पूर्ण करायची आहे आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला पाहिजे.

पहाटवारा

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं, कारण खरी परीक्षा त्या जिन्याचीच असते.

मी सातारची, वय ६१. हा घाट माझा रोजचा. पहिल्यांदा येणारे सगळे चढाची धास्ती घेऊन येतात. पण चढ तुम्हाला जपतो : धाप लागली की माणूस आपोआप हळू होतो, चालायला लागतो. चढावर चालण्यात काहीही कमीपणा नाही, तरुण मुलंही चालतात. पाय मोडतो तो उतार. खाली येताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि शरीराला ब्रेक लावतो. या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. त्या वेळी काही कळत नाही, उलट उतारावर भारी वाटतं, वेग मिळतो. शेवटचे पाच किलोमीटर शहरात आले की मांड्या थरथरायला लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठवत नाही. साठीनंतर ही इजा भरून यायला जास्त दिवस लागतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आपल्या वयात तयारी म्हणजे किलोमीटर गोळा करणं नव्हे. पायांची ताकद आणि दोन धावांमधली विश्रांती ही तयारी. किलोमीटर त्यानंतर.

आधी ताकदीचं सांगते. आठवड्यातून दोन दिवस, धावण्याइतक्याच निष्ठेने. जिम असेल तर उत्तम, नसेल तर घरात होतं. हात न लावता खुर्चीतून सावकाश उठबस, बसताना मनात पाच अंक मोजत. तो बसण्याचा भाग म्हणजेच उताराची तालीम. मग जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर उचलायच्या आणि हळूहळू पायरीच्या खाली सोडायच्या, आधी दोन पायांवर, जमलं की एका पायावर. पायरीवरून एक पाय पुढे घेऊन टाच जमिनीला जेमतेम टेकवायची आणि परत वर, म्हणजे गुडघ्याला उतरण्याची सवय होते. काही आठवड्यांनी पाठीवर सॅक घ्या, त्यात पाण्याच्या बाटल्या वाढवत जा. वजन वाढवलं नाही तर ताकद वाढत नाही.

आता विश्रांती. सात दिवसांचा आठवडा मी केव्हाच सोडला. माझं चक्र दहा दिवसांचं : त्यात एक लांब धाव, एक घाटाची किंवा टेकडीची, दोन सोप्या, दोन वेळा ताकदीचे व्यायाम, उरलेले दिवस चालणं किंवा काहीच नाही. लागोपाठ दोन दिवस धावायचं नाही. लांब धाव दर वेळी किलोमीटर-दीड किलोमीटरने वाढवायची, आणि दोन-तीन वेळा वाढवली की एकदा मुद्दाम कमी करायची.

तुमच्याकडे तर सदाशिवगड आहे, आगाशिवचा डोंगर आहे. चढाला गडाच्या पायऱ्या चांगल्या. पण उताराचा सराव पायऱ्यांवर न करता घाटरस्त्यावर करा, कारण पावलाची लय वेगळी असते.

स्टेथोस्कोप

ताईंनी पायांचं सगळं सांगितलं, मी छातीचं आणि गोळ्यांचं सांगतो. मी फिजिशियन आहे. हे सर्वसाधारण आहे, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

ईसीजी, टीएमटी (म्हणजे पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी), रक्तदाब, हिमोग्लोबिन, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), बी१२ आणि ड जीवनसत्त्व एवढं सराव वाढवण्याआधी करून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किंवा पुढची तपासणी सुचवतील. आणि टीएमटी चांगली आली म्हणजे कायमचा परवाना मिळाला असं समजू नका. श्रम करताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीच्या वेगाला एकाएकी जास्त धाप, यातलं काहीही झालं तर जागच्या जागी थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. 'ॲसिडिटी असेल' म्हणून परतवून लावलेल्या कळा मी फार पाहिल्या आहेत. ताप असताना किंवा नुकताच उतरलेला असताना धावायचं नाही, विषाणूची बाधा हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेली असू शकते.

नाडीचं गणित : २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण उतारवयात ते कमाल ठोके कमी दाखवतं. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे जास्त जवळ जातं. ६३ व्या वर्षी पहिल्याने १५७ येतात, दुसऱ्याने सुमारे १६४. तरी हा अंदाजच. बीपीची गोळी बीटा ब्लॉकर प्रकारातली, म्हणजे मेटोप्रोलॉल वगैरे असेल तर दोन्ही सूत्रं निरुपयोगी, कारण ती ठोके वाढूच देत नाही. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी लावा. सोप्या धावेत शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत.

सगळ्यात कळकळीचं शेवटी. शर्यतीच्या सकाळी 'दुखू नये म्हणून' वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात घामाने पाणी कमी झालेलं आणि वर टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, हे तिन्ही एकत्र आले की साठीतली मूत्रपिंडं अडचणीत येतात. दुखतंय म्हणून गोळी लागत असेल तर त्या दिवशी धावायचंच नाही.

रंकाळा

चर्चा चांगली चालली आहे, पण मी विरोधात लिहितो, राग मानू नये. मी ६६ वर्षांचा. आमच्या ग्रुपमधले दोघे गुडघे धरून बसलेत. मुळात या वयात रस्त्यावर २१ किलोमीटर आपटायची गरज आहे का? दहा किलोमीटरला काय वाईट आहे? गुडघ्याची गादी एकदा झिजली की परत येत नाही.

पहाटवारा

राग कशाचा, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. दहा किलोमीटर उत्तमच. काकांना २१ हवेत म्हणून आपण २१ चं बोलतोय.

गुडघ्याबद्दल मात्र वेगळं माहीत आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. हौशी धावपटूंमध्ये गुडघा-खुब्याचा संधिवात सुमारे साडेतीन टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३ टक्क्यांच्या वर. म्हणजे बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा बरे निघाले. धावल्यामुळेच ते बरे राहिले असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण हौशी धावण्याने गुडघे झिजतातच, हेही त्यात दिसत नाही.

तुमच्या मित्रांना आधीच संधिवात असेल, तर त्यांचा प्रश्न निराळा. त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय एक पाऊलही धावू नये. बाकीच्यांसाठी माझी फूटपट्टी दुसऱ्या दिवशीची सकाळ. धावताना थोडं कुरकुरलं आणि सकाळी साफ गेलं, तर चालेल. सकाळी सूज असेल, किंवा पलंगावरून उतरताना लंगडायला होत असेल, तर कालचं जास्त झालं. मग पुढची धाव रद्द.

स्टेथोस्कोप

ताईंशी सहमत. त्यात एका अभ्यासाची भर घालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंचा आणि न धावणाऱ्यांचा दोन दशकं मागोवा घेतला. १९ वर्षांनंतर न धावणाऱ्या गटातले ३४ टक्के लोक दगावले होते, धावपटूंमधले १५ टक्के. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचं म्हणजे उठणं, कपडे घालणं, चालणं यांतली परावलंबनाची सुरुवात धावणाऱ्यांमध्ये कित्येक वर्षं उशिरा झाली. आमच्या दवाखान्यात सत्तरीतली माणसं येतात ती आयुष्य वाढवून मागायला येत नाहीत. स्वतःच्या हाताने सगळं करता यावं, एवढंच मागतात.

मिल्टनकर

कॅनडातून लिहितोय. टोरोंटोजवळच्या मिल्टन गावात राहतो. आमच्या गावातले एड व्हिटलॉक इथे आठवायलाच हवेत. जन्म १९३१ चा, इंग्लंडमधला. २००३ मध्ये ७२ व्या वर्षी त्यांनी पूर्ण मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत धावली. सत्तरी ओलांडून तीन तासांच्या आत येणारा हा पहिला माणूस. पुढच्या वर्षी २:५४:४८. आणि २०१६ मध्ये ८५ व्या वर्षी ३:५६:३४! २०१७ मध्ये ते गेले.

ते घराजवळच्या दफनभूमीत सराव करायचे. आतल्या छोट्या रस्त्यावर तासन् तास फेऱ्या, कधी कधी तीन-तीन तास, आखूड पावलं टाकत, शर्यतीच्या मानाने अगदी संथ. ना कोच, ना वेळापत्रक. तेव्हा 'एक दिवसाआड धावा' हा नियम सगळ्यांनाच लागू होतो असं नाही, एवढंच नोंदवतो.

पहाटवारा

फार छान माहिती. पण ते तरुणपणी शर्यती धावलेले होते आणि चाळिशीच्या सुरुवातीला परत धावायला लागले. सत्तरीत रोज तीन तास धावणाऱ्या पायांमागे ३० वर्षांचा सराव होता. शिवाय गुडघा दुखला की ते महिनोन् महिने थांबायचे आणि पुन्हा थोड्यापासून सुरुवात करायचे. आपण उचलायचं ते हे थांबणं आणि तो संथ सराव.

मिल्टनकर

हे पटलं. थांबण्याबद्दल अगदी सहमत.

तळ्यावरचा

ठाण्याहून. वय ५९, मधुमेह जुना. सराव तलावपाळीला आणि सुटीच्या दिवशी येऊरला. साखरेवाल्यांसाठी माझ्या डॉक्टरांनी शिकवलेलं सांगतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर लांब धावेत एकदम उतरू शकते, आणि कधी कधी धावून आल्यावर काही तासांनी, अगदी रात्रीसुद्धा. म्हणून धावण्याआधी तपासायची, नंतरही तपासायची, खिशात ग्लुकोज ठेवायचं, आणि लांब धावेच्या दिवशी गोळीचं प्रमाण काय ठेवायचं ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होतं, तळपायांना मुंग्या येतात. ती धावण्याची समजून सोडून देऊ नका. धावून आल्यावर मोजे काढून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्याच. संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळत नाही.

खाण्याचं : धावताना घ्यायची साखरेची जेल मला पचत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने खजूर किंवा चिक्कीचा तुकडा आणि घोटभर पाणी एवढं पुरतं. पण जे शर्यतीत खाणार, ते सरावात खाऊन पाहिलेलं असावं.

कृष्णाकाठ

किती मोलाचं लिहिताय सगळे! टीएमटीची वेळ घेतली, पुढच्या आठवड्यात आहे. गोळी टेल्मिसार्टनच आहे, त्यामुळे वेदनाशामकाचं कायम लक्षात राहील.

दोन शंका. एक, पाणी किती प्यावं? कुणी म्हणतं तहान लागण्याआधी प्या, कुणी म्हणतं जास्त पिऊ नका. दोन, माझं जेवण पूर्ण शाकाहारी, प्रथिनं पुरतात का?

स्टेथोस्कोप

पाण्याची दोन्ही टोकं वाईट. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते हे खरं. पण भीतीपोटी वाटेतल्या पाण्याच्या दर टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवले तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि संथ धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते रस्त्यावर जास्त वेळ असतात. सोपा उपाय : सरावाच्या लांब धावेआधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी झालं तर साधारण लिटरभर घाम गेला. वजन उलट वाढलं असेल तर पिणं जास्त झालं. दोन-तीन वेळा केलं की तुमचा अंदाज तुम्हालाच येईल. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चांगलं, मिठावर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारून.

प्रथिनं : ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधात आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. नुसत्या भात-भाजी-पोळीवर बेरीज जमत नाही. तिन्ही जेवणांत वाटून घ्या. क्रिएटिनिन नॉर्मल आहे याची आधी खात्री करा.

चिंचेचं पान

एक विषय कुणी काढला नाही म्हणून काढते. वय ५८. पाळी गेल्यानंतर धावताना, विशेषतः उतारावर, थेंबभर लघवी होणं हे आमच्या ग्रुपमधल्या अनेकींना होतं आणि कुणी बोलत नाही. कितीतरी बायका याच कारणाने धावणं सोडून देतात. यावर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम असतात, पण ते नीट शिकून घ्यावे लागतात, म्हणून या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. मला काही महिन्यांत खूप फरक पडला. आणि साठीच्या आसपास डेक्सा तपासणी करून हाडांची घनता पाहून घ्या. हाडं ठिसूळ असतील तर आधी त्यावर उपचार, मग घाट.

पहाटवारा

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या ओळखीत किमान चौघींना आज हा धागा पाठवते.

लेक_पुण्यातली

माझे बाबा ६८. निवृत्तीनंतर उत्साहाने थेट वेताळ टेकडीवर पळायला लागलेत. अंधारात, हेडफोन लावून, काळा टीशर्ट. काही सांगितलं की "मी म्हातारा झालो का?" म्हणतात. कसं सांगू?

मिल्टनकर

फौजा सिंग यांचं सांगा. ८९ व्या वर्षी आयुष्यातली पहिली मॅरेथॉन लंडनला धावले, कागदोपत्री जन्म १९११ चा, शंभरीत टोरोंटोची मॅरेथॉन पूर्ण केली. २०११ ची ती शर्यत आमच्या शहरात अजून सांगितली जाते. आणि २०२५ च्या जुलैमध्ये पंजाबात, गावाजवळच्या रस्त्यावर, गाडीच्या धडकेने गेले. ११४ वर्षांचं शरीर चालत होतं, घात वाहनाने केला. उजळ कपडे, परावर्तक पट्टी, कान मोकळे, आणि रस्त्यावर असाल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने. याचा म्हातारपणाशी काही संबंध नाही, विशीतल्या पोरालाही हेच लागू आहे. असं सांगून पाहा.

लेक_पुण्यातली

हे नक्की चालेल. आजच पट्टी आणते. टीएमटीचं डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेते.

कृष्णाकाठ

पहाटवारा ताई, आता घाटाबद्दल बारकाईने सांगा ना. उतार प्रत्यक्ष कसा उतरायचा?

पहाटवारा

पावलं आखूड, पण पटापट. पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, पुढे लांब नाही. घाबरून मागे रेललं की टाच जोरात आपटते आणि सगळा मार गुडघ्यावर येतो. नजर पाच-सहा पावलं पुढे. हात थोडे बाजूला, तोलासाठी.

बुटाची लेस उताराआधी पुन्हा बांधा. सगळ्यात वरचं जे जादा भोक असतं ना, जे आपण कधी वापरत नाही, त्यातून लेस त्याच बाजूला ओवून छोटा फास करायचा, समोरची लेस त्या फासातून घ्यायची आणि मग ओढून गाठ मारायची. टाच मागे पक्की बसते, पाय पुढे सरकत नाही, अंगठ्याचं नख काळं पडत नाही. बूट अर्ध्या नंबराने मोठे घ्या आणि खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

चष्मा! बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर खाली बघताना वाचनाच्या काचेतून रस्ता धूसर दिसतो आणि पाऊल चुकतं. धावायला फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा करून घ्या, वर पुढे छज्जा असलेली टोपी, म्हणजे पावसाचे थेंब काचेवर येत नाहीत.

पावसात घाटात दोन जागा निसरड्या : कडेची शेवाळलेली पट्टी आणि रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे. पट्ट्यावर पाऊल टाकून वळायचं नाही.

सराव कसा वाढवायचा? स्नायूंची एक सोय आहे : उताराचा थोडासा मार एकदा मिळाला की पुढचे काही आठवडे ते त्याच कामाला कमी दुखतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आधी दोन किलोमीटर उतार, मग तीन, मग पाच. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर फक्त सोप्या धावा, शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणायचं. तेव्हा पाय शिवशिवतात, तयारी कमी पडली असं वाटतं, तरी वाढवायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये एकदा इकडे या, घाट आपण सोबत उतरू. आमचा चार-पाच जणांचा गट रविवारी पहाटे असतो, सगळे पन्नाशीच्या पुढचे.

कृष्णाकाठ

नक्की येतो. लेसचा फास आत्ताच करून पाहिला, टाच खरंच हलत नाही. चष्म्याचं तर कुणीच सांगितलं नव्हतं, माझा प्रोग्रेसिव्हच आहे. आजपासून दहा दिवसांचं चक्र वहीत आखतो.

शेवटचा प्रश्न : शर्यतीच्या दिवशी कराडहून पहाटे निघावं की आदल्या रात्री मुक्कामाला यावं?

पहाटवारा

आदल्या दिवशीच या. अंतर तासाभराचं असलं तरी पहाटे उठून गाडी चालवायची, शर्यतीसाठी बंद झालेले रस्ते चुकवत पार्किंग शोधायचं, यात पोट साफ व्हायला वेळ मिळत नाही आणि आपल्या वयात ते फार महत्त्वाचं. त्या रात्री साताऱ्यातल्या खोल्या भरलेल्या असतात, म्हणून नोंदणी झाली की लगेच खोली धरा. नोंदणी उघडण्यावरही लक्ष ठेवा, जागा लवकर संपतात. खोली नाही मिळाली तर मला निरोप करा, वरच्या मजल्यावर दोन खाटा रिकाम्या असतात.